‘स्थलांतरित’ लिहून मोकळे झालात!

दार लावून घ्या. खिडकीशी पोरं डोकावतायत, त्यांना मैदानात पिटाळा. चहा मी सांगितलेला नाही आणि कुणी सांगूही नका. मोबाइल सगळ्यांनी टेबलावर ठेवा. पालथे.

एकतीस वर्षं नोकरी झाली माझी, त्यातली अकरा या शाळेत. मे महिन्यात मी जाणार. तुम्ही शाल-नारळ द्याल, दोन शब्द बोलाल. ‘बाई वरून कडक, पण आतून मायाळू’ असं कुणीतरी म्हणणारच. प्रत्येक निरोप समारंभात म्हणतात. आजचा दिवस आठवून ठेवा, म्हणजे ते वाक्य बोलायला जीभ रेटणार नाही.

काल परिपाठाला तो मुलगा आला. दोन वर्षांनी. बालगृहाच्या ताई सोबत होत्या, हातात कागदांची पिशवी. अकरा वर्षांचा आहे, दिसतो आठचा. त्याचं नाव मी या खोलीतसुद्धा घेणार नाही. का घेणार नाही ते आत्ता कळेल. तो आल्यापासून शाळा सुटेपर्यंत आपण शिकलेल्या, पगारी माणसांनी त्याचं काय काय केलं, ते मी एकेक सांगते. मधे कुणी बोलायचं नाही.

फोटो. परिपाठ संपायच्या आत फोटो आपल्या ग्रुपवर, पंधरा मिनिटांत केंद्राच्या ग्रुपवर. त्याच्या हातात गुलाबाचं फूल, खांद्यावर तुमचा हात. खाली त्याचं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव. ‘वेठबिगारीतून मुक्त झालेल्या विद्यार्थ्याचे आमच्या शाळेत हार्दिक स्वागत.’ बावन्न अंगठे आले. वरून ‘अभिनंदन’ही आलं. अभिनंदन कशाचं, कुणाचं? चौथीचे सर, तुमचं? तुम्ही त्याला सोडवून आणलं होतं का?

बाल न्याय अधिनियम, २०१५. कलम ७४. ज्या मुलाचं प्रकरण या कायद्याखाली चालू आहे त्याचं नाव, पत्ता, शाळा, चित्र, काहीही, ज्यावरून ओळख पटेल असं कुठल्याही माध्यमातून उघड करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. ‘आम्हाला माहीत नव्हतं बाई’ असं म्हणू नका. याच कायद्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. प्रवासभत्त्याची बिलं माझ्याकडूनच मंजूर करून नेलीत.

आणि कायदा राहू द्या बाजूला. ज्याने त्याला नेलं त्याच्यावर खटला उभा आहे. मुलगा साक्षीदार आहे. केंद्राच्या ग्रुपवर दीडशे माणसं. त्यातल्या कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा त्या माणसाच्या गावचा नसेलच, याची हमी देता? मुलगा कुठे परत आला, कुठल्या शाळेत बसतो, घराकडे कुठल्या वाटेने जातो, हे आपण आपल्या हाताने कळवलं. वर फूल दिलं.

हेतू चांगला होता म्हणे. तो फोटो एकदा मोठा करून बघा. मुलगा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. त्याचे डोळे फाटकाकडे आहेत.

पुढचं. त्याला पहिलीच्या वर्गात बसवलं. का? तर ‘त्याला काही येत नाही’. अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, गुडघे हनुवटीला लावून. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. त्याचं चौथं कलम तुम्ही परीक्षेला पाठ केलंत: शाळेत कधी न आलेलं किंवा मधेच सुटलेलं मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसेल, आणि जे राहून गेलं त्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळणं हा त्याचा हक्क असेल. कायदा म्हणतो शिक्षकाने खाली वाकावं. आपण मुलालाच खाली बसवलं.

तिसऱ्या तासाला त्याच्यापुढे एक ते दहाचं चित्रकार्ड धरलं. एक आंबा, दोन चिमण्या. त्याने तोंड फिरवलं. लगेच वहीत शेरा: ‘अंकओळख नाही. अप्रगत.’ तो शेरा मी वाचला आणि मधल्या सुट्टीत त्याला माझ्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, बसला नाही. भिंतीला टेकून उकिडवा बसला, दार दिसेल असा. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेल्या, त्यात काळं भरलेलं. उजव्या अंगठ्याला नख नाही. मी काही विचारलं नाही. गूळ-शेंगदाणे पुढे केले. त्याने निम्मे खाल्ले, निम्मे खिशात घातले. बऱ्याच वेळाने नुसतं म्हटलं, मेंढरं किती होती रे? चटकन म्हणाला, “नऊ इसा न् चार. कोकरं येगळी.”

मांडा फळ्यावर, गणिताचे सर. नऊ विसा एकशे ऐंशी, वर चार. एकशे चौऱ्याऐंशी. रोज सांजेला मेंढरं वाघरीत कोंडायची. वाघर म्हणजे जाळी, खुंट्या ठोकून उभी करतात ती. कोंडताना हा मुलगा एकशे चौऱ्याऐंशी डोकी नुसत्या नजरेने मोजायचा. एक कमी भरलं तर अंधारात शोधत फिरायचं, आणि सापडेपर्यंत भाकरी नाही. असा हिशेब केलेल्या पोरापुढे आपण दोन चिमण्या धरल्या. तो शेरा आजच्या आज खोडा. खाली तारखेसह लिहा की मूल्यमापन करणाऱ्याचं चुकलं.

आणि पाचवीच्या वर्गातून कुणीतरी ‘ब्यॅऽऽ’ केलं, तेव्हा वर्ग हसला. पोरं हसतात, मी समजू शकते. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण पाचवीचे सर, हसू तुमच्या ओठांवरही होतं. मी व्हरांड्यात होते. मान खाली घालू नका, इकडे बघा.

आता हा हजेरीपट. दोन वर्षांपूर्वीचा. कपाटातून काल रात्री काढून घरी नेला होता. तिसरीचा वर्ग, अनुक्रमांक सतरा. जुलैपर्यंत हजर. ऑगस्टच्या चार तारखेपासून गैरहजर. तो पूर्ण महिना गैरहजर. सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे गैरहजर. मग अचानक वीस सप्टेंबरपासून तो हजर! थेट तीस तारखेपर्यंत. का, ते सांगायला नको. तीस सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. एक डोकं कमी भरलं असतं तर एक पद गेलं असतं. त्या दहा दिवसांत तो मुलगा नगरच्या बाजूला कुठल्यातरी माळावर काठी घेऊन उभा होता, आणि इथे त्याच्या नावाने आपल्यातल्या एकाची नोकरी टिकत होती.

पोषण आहाराची वही काढू? शंभर ग्रॅम तांदूळ रोजचा, त्याच्या नावावर, त्या दहाही दिवसांत. कागदावर तो जेवत होता.

ऑक्टोबरला लाल शाईत एक शब्द: ‘स्थलांतरित’. झालं, सुटलो. कुठे गेला, कुणाबरोबर गेला, आई-बाप पाड्यावर असताना एकटा नऊ वर्षांचा मुलगा कसा स्थलांतरित होतो, एवढं विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. घर गेलं तर स्थलांतर म्हणतात. एकटं मूल गेलं तर त्याला दुसरा शब्द आहे. तो शब्द लिहिला असता तर पोलीस ठाण्यात जावं लागलं असतं.

त्या पानाच्या तळाला सही माझी आहे. तपासले, असं लिहून खाली सही. काल रात्री ती सही मी कितीतरी वेळ बघत बसले. तुम्हाला बोलते आहे याचा अर्थ मी सुटले असा नाही. पण मी रडून दाखवणार नाही, त्याने कुणाचं भलं होत नाही.

आपल्याला कल्पना नव्हती असं म्हणायला जागा तरी होती का? २०२२ साल आठवा. जुलैमध्ये राज्यभर ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ झालं. आपण प्रभातफेरी काढली, घोषणा दिल्या, अहवाल पाठवला, शाळाबाह्य मुलं शून्य. आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरात, आपल्याच जिल्ह्यातलं इगतपुरी तालुक्यातलं उभाडे गाव पेपरात आलं. कातकरी पाड्यावरची पोरं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे दिलेली. काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू, एवढ्यावर. एक लहान मुलगी मरायला टेकली तेव्हा घराशी आणून टाकली, आणि ती गेली म्हणून तो सगळा प्रकार बाहेर आला. ती जगली असती तर कुणाला कळलंही नसतं. त्या दिवशी याच खोलीत तुम्ही पेपर वाचून हळहळलात. ‘काय लोक असतात!’ आणि वर्षभरात आपल्या सतराव्या नंबरासमोर लाल शाई.

काय लोक असतात, याचं उत्तर आज देते. मुलाच्या बापाला तुम्ही काल ऑफिसबाहेर उभं करून काय म्हणालात, विज्ञानाचे सर? ‘पोटच्या पोराला विकताना लाज नाही वाटली?’ तो काही बोलला नाही. ते लोक आपल्यासमोर बोलत नाहीत. मी त्याच्या पाड्यावर गेले आहे, परवाच नाही, गेली अकरा वर्षं जाते. राज्यात तीन असुरक्षित आदिम जमाती मोजतात: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. त्यातली ही पहिली. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. खैर गेला, जंगल गेलं, नाव राहिलं. झोपडी ज्या जागेवर आहे ती जागा दुसऱ्याची. दसरा-दिवाळीला वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मालक उचल देतो. त्या उचलीत सण होतो, आजारपण होतं, कुणाचं लग्न होतं. मग पावसाळ्यापर्यंत नवरा-बायको भट्टीवर राबतात आणि शेवटी हिशेब होतो तेव्हा वहीत त्यांच्याच नावावर बाकी निघते. ती वही त्यांना वाचता येत नाही. वाचता का येत नाही? कारण त्यांच्या लहानपणीसुद्धा कुणीतरी हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ लिहिलं होतं.

आषाढ-श्रावणात काम नसतं. घरात दाणा नसतो. रेशनकार्ड नाही, कारण आधार नाही. आधार नाही, कारण जन्माचा दाखला नाही. त्या दिवसांत एक ओळखीचा माणूस येतो. कायम ओळखीचाच असतो, लक्षात ठेवा. तो म्हणतो, पोराला चांगल्या घरी ठेवतो, दोन वेळचं खाईल, दूधदुभतं आहे, वर्षाअखेर तुला एक मेंढरू. हातावर पाच हजार ठेवतो. बाप काय ऐकतो? पोरगं जेवेल. त्याला बाजार दिसत नाही, ताट दिसतं. त्याने केलं ते चूक आहे का? आहे. पण त्याला बोलायचा अधिकार त्याच्या दारात आधी जाऊन आलेल्या माणसाला आहे. सर, तुम्ही कधी गेलात? पाडा शाळेपासून सव्वा किलोमीटर आहे. तुमची गाडी तिथपर्यंत जाते, मी चौकशी केली.

आणि तो ओळखीचा माणूस कोण होता? आरोपपत्रात नाव आहे, मी घेत नाही. पण गेल्या पंधरा ऑगस्टला तो आपल्या मंडपात पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. आपणच त्याला नारळ दिला. दलाल म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा नि सोन्याची साखळी येते, सिनेमातली. तो तसा येत नाही. वेळेला पन्नास रुपये उसने देणारा, दवाखान्यात नेणारा, सगळ्यांना ‘मामा’ म्हणणारा असा येतो.

एक सांगून ठेवते, नाहीतर उद्या तुम्ही दुसरं टोक गाठाल. मेंढपाळांची अख्खी जात आरोपी नाही. त्यांचीही पोरं वाड्यामागे घोड्यावर बसून गावोगाव हिंडतात, शाळेबाहेरच असतात. ज्याने गुन्हा केला त्याचं नाव कोर्टात आहे. स्टाफरूममध्ये जातीवरून बोललेलं मी ऐकून घेणार नाही.

‘पण बाई, बापाने स्वखुशीने दिला ना!’ काल हेही कुणीतरी म्हणालं. तर कायदा ऐका. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३७०, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३. पिळवणुकीसाठी माणूस भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ताब्यात घेणं, ही मानवी तस्करी. कशाच्या जोरावर? धाक, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, सत्तेचा गैरवापर. आणि शेवटचं नीट ऐका: ज्याच्या ताब्यात तो माणूस आहे त्याला पैसे किंवा लाभ देऊन त्याची संमती मिळवणं. म्हणजे हेच. बापाच्या हातावर ठेवलेले पाच हजार. कायदा करणाऱ्यांना हा पाच हजारांचा प्रकार ठाऊक होता, म्हणून त्यांनी तो शब्दांत लिहिला. आणि बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती, हे पाहायचंच नाही, असंही त्याच कलमात आहे. मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. संविधानाचं कलम २३ तर पहिल्या दिवसापासून माणसांचा व्यापार आणि वेठ बंद म्हणतंय. २६ जानेवारीला उद्देशिका मोठ्याने वाचता, तीन पानं पुढे जात नाही.

उचल देऊन राबवून घेणं हा १९७६च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते कर्ज कायद्याने संपलेलं आहे. मालक एक पैसा परत मागू शकत नाही. हे पाड्यावर कुणी सांगायचं? तलाठ्याने? सांगितलं तर बरं. मुलाला प्रांतांच्या सहीचं मुक्तता प्रमाणपत्र मिळालंय. त्या कागदावर पुनर्वसनाचं सगळं उभं राहतं. केंद्र सरकारच्या २०१६च्या योजनेत वेठबिगारीतून सुटलेल्या मुलासाठी दोन लाखांची मदत आहे. मोठा भाग खटल्याच्या निकालाशी जोडलेला. त्याच्या आईने तो कागद चुलीवरच्या फळीवर ठेवलाय, मिठाच्या पुडीखाली. धूर लागून पिवळा पडतोय. उद्या मी त्याच्या चार प्रती काढून मूळ कागद प्लास्टिकमध्ये घालून देणार आहे. यात शिकवण्याचा काही संबंध नाही असं ज्याला वाटतं त्याने हात वर करावा.

कुणी नाही. ठीक.

मुलींचं बोलायला हवं, कारण मुलगी गेली की तुम्ही शब्दसुद्धा बदलता. मुलगा गेला तर ‘कामाला गेला’, मुलगी गेली तर ‘पळून गेली’. आठवीतली ती, तीन वर्षांपूर्वीची. कुणा ‘मावशी’ने कल्याणला घरकामाला नेली. नातं कुठलं? कुणी विचारलं नाही. सात महिन्यांनी परत आली तेव्हा तिच्या आईने दोनदा येऊन विचारलं, शाळेत घ्याल का? आपल्यातल्या एकीने सांगितलं, इतर पालक काय म्हणतील. ती बाई आज इथे आहे. तिला तेव्हा बोलले होते, आज पुन्हा सर्वांसमोर बोलते. इतर पालकांपैकी एकही जण आला नव्हता. ‘इतर पालक’ तुमच्याच पोटात बसले होते.

एक जुनी गोष्ट सांगते. फेब्रुवारी १९९६. मुंबईत कामाठीपुऱ्यात पोलिसांनी मोठे छापे घातले. चारशेच्या वर बायका-मुली बाहेर काढल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या. पेपरात फोटो, वाहवा. मग त्यांचं पुढे काय? सरकारी वसतिगृहांत कोंडल्यासारख्या महिनोन् महिने. त्यांचं स्वतःचं सरकार त्यांना घ्यायला तयार होईना. या आजार घेऊन येतील, म्हणे. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुली परत नेल्या. तिथेही घरचे दरवाजे बंद. त्यांतल्या पंधराजणींनी मिळून संघटना काढली, शक्ती समूह. ज्या मुलींना कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं त्यांनी दुसऱ्या मुलींना थारा दिला, कोर्टात साथ दिली, गावोगाव जाऊन दलालांच्या युक्त्या सांगितल्या. २०१३ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ने १९८८मध्ये रात्रीचं पाळणाघर काढलं, आई धंद्यावर असताना पोरांनी झोपायचं कुठे, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता तेव्हा. नगरला ‘स्नेहालय’ १९८९पासून उभं आहे. नेपाळच्या मुलींची गोष्ट मी पुरस्कारासाठी सांगितली नाही. त्यांना घरात घेताना जो तो ‘लोक काय म्हणतील’ म्हणत होता, ते वाक्य तुमच्या ओळखीचं आहे म्हणून सांगितली.

आणि शिकलेली पोरं फसत नाहीत, या भ्रमातही राहू नका. मार्च २०२५मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून ५४९ भारतीय विमानाने परत आणले. पदवीधर, इंग्रजी बोलणारे, कॉम्प्युटर येणारे. मोबाइलवर जाहिरात: डेटा एंट्री, भरघोस पगार, तिकीट फुकट. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि सोळा-सोळा तास लोकांना ठकवायला बसवलं. माळावर काठी आणि तिथे कीबोर्ड, एवढाच फरक. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर परवा तशीच एक जाहिरात फिरत होती. आपल्यातल्या एकाने ती पुढे पाठवली, ‘गरजूंनी लाभ घ्यावा’ असं लिहून. परदेशी नोकरी देणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. ती दोन मिनिटं नव्हती, पाठवायला मात्र होती.

शाळेच्या भिंतीवर १०९८ रंगवलाय. शाळा अनुदानातून, रंगाचं बिल माझ्याकडे आहे. अक्षर सुंदर आहे, चित्रकलेच्या बाईंचं. त्या नंबरावर आपल्यापैकी किती जणांनी कधी फोन केलाय? १९९६मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा, आता सरकार चालवतं, ११२ला जोडलेली आहे. चोवीस तास, फुकट, नाव सांगायची सक्ती नाही. सतराव्या नंबरासाठी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक फोन गेला असता, तर तो मुलगा त्या वर्षी गणपतीत घरी असता. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे, अध्यक्ष सरपंच. बैठकांच्या इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी घेतल्यात, शाई सांगते. पुढची बैठक माझ्या खोलीत होईल आणि पाड्यावरच्या दोन बायका तिला असतील.

आता उद्यापासूनचं. तो पाचवीत बसेल, खिडकीजवळ नाही, दाराजवळ. दार दिसलं नाही तर त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. दार उघडं ठेवायचं, वारा आला तरी. ‘तिथे काय व्हायचं, मारायचे का’ असलं एकानेही विचारायचं नाही, कणव म्हणूनही नाही. त्याने हे आधीच पोलिसांना, बालकल्याण समितीला, वकिलाला, पत्रकाराला सांगून झालंय; दरवेळी त्याला ते पुन्हा भोगावं लागतं. आपण होऊन बोलला तर ऐकायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. मागून खांद्यावर हात टाकायचा नाही. छडी, डस्टर, पट्टी, काहीही उगारायचं नाही. हे खरं तर सगळ्याच पोरांसाठी आहे, पण तुम्हाला ते एकेका पोराच्या नावाने सांगावं लागतं. शाळा सुटल्यावर पाऊण तास त्याला वाचन मी घेईन. गणित नको, गणित तो आपल्याला शिकवेल. खिचडी दुसऱ्यांदा मागितली तर वाढायची, खिशात घातली तरी वाढायची. आणि पळाला तर ओरडत मागे धावायचं नाही. पहिल्या महिन्यात पळेल. पाड्यावरच जाईल. संध्याकाळी जाऊन दप्तर देऊन यायचं, बस.

पाचवीच्या वर्गाशी उद्या पहिल्या तासाला मी बोलेन. ‘ब्यॅऽऽ’ कुणी केलं ते मला माहीत आहे, त्याला एकट्याला उभं करणार नाही. त्या वर्गात अजून तिघांचे आई-बाप कोयत्यावर जातात. एकाने आवाज काढला तेव्हा ती तिघंही हसली, आणि मला सर्वांत वाईट त्याचंच वाटलं.

मोबाइल उचला आता. तो फोटो माझ्यासमोर काढा. ज्याने टाकला त्याने ‘सर्वांसाठी’ काढायचा, ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी पाठवला तिथे फोन करून काढायला सांगायचं. हो, आत्ता. अधिकाऱ्यांना मी स्वतः सांगते, त्यांच्या अभिनंदनासकट.

झालं? अजून बसा.

हा या वर्षीचा हजेरीपट. सहावी. बहीण-भाऊ, अनुक्रमांक आठ आणि एकवीस. सोमवारपासून दोघांपुढे गैरहजेरी आहे. दिवाळीची सुट्टी लागायला नऊ दिवस बाकी आहेत, भट्ट्या पेटायच्या आहेत, उचल वाटून झाली असेल. आणि इथे समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘स्थ’ लिहून ठेवलंय. शाईने लिहायला ऑक्टोबर संपायची वाट बघत असणार.

सहावीच्या बाई, खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. घ्या. आणि सर, तुमच्या गाडीची किल्ली काढा. शेवटचे दोन तास मी दुसऱ्यांवर सोपवते. पाड्यावर तिघं जाऊ.